शेवटच्या डब्यामागचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल कंदील आहे. काचीगुडा स्टेशनच्या सामानखोलीत फळीवर बसून असतो. पूर्वी माझी जागा गाडीच्या अगदी शेवटी होती. पोटात घासलेट, तोंडावर लाल काच. गाडी निघून जाताना स्टेशनातली माणसं मला शोधत. मी दिसलो की समजायचं, सगळे डबे आले. दिसलो नाही तर वाटेत एखादा डबा सुटला असेल, मागची गाडी सोडायची नाही. नाहीतर ती त्या डब्यावर आदळायची.

आमचे डबे लाकडी होते. दिसायला देखणे, पण एक ठिणगी पुरे!

भाषेप्रमाणे राज्यं झाली तेव्हा इथल्या अनंतराव नावाच्या कारकुनांची कचेरी औरंगाबादला गेली. त्यांच्यामागून इथल्याच जामबाग वस्तीतलं त्यांचं बिऱ्हाड निघालं. त्यांची आई पद्मावतीबाई, बायको कुसुम आणि तान्ही मुलगी. गाडीत पद्मावतीबाईंच्या मांडीवर पितळी डबा होता, आणि त्यात देवघरातला नंदादीप, जळता! लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो जपला होता. नव्या घरी तीच ज्योत न्यायची होती.

त्या दिव्याच्याच वर कुसुमने बाळाची झोळी बांधलेली. ती एकदा झोळीकडे बघे, एकदा सासूबाईंकडे.

गार्ड हणमंतराव खिडकीशी आले. मी त्यांच्या हातात होतो, अजून न लावलेला.

"अम्मा, लाकडाचा डबा आहे. दिवा नक्को."

"नक्को म्हणे! मग मी चालत जाते औरंगाबादला."

"आई," कुसुम हळूच म्हणाली, "वर बाळ आहे हो."

पद्मावतीबाईंनी वर पाहिलं. "मग मी काय करू गं?"

हणमंतरावांनी मला वर धरलं. "हा लावायचाच आहे. तुमच्या ज्योतीने लावू. औरंगाबादेपर्यंत याला कुणी विझवायचं नाही, कायदाच आहे."

"घासलेटावर? आणि लाल?"

"काच लाल आहे, अम्मा. ज्योत तुमचीच."

कुसुमने त्या ज्योतीवर वात पेटवून मला लावलं. मग पद्मावतीबाईंनी फुलाने नंदादीप शांत केला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मला कधी कुणी हात जोडले नव्हते!

गोदावरीच्या पुलावर वारा आला. ज्योत आडवी झाली, माझा जीव टांगणीला लागला. पण ती पुन्हा उभी राहिली. प्रत्येक स्टेशनात कुणीतरी मला पाहून म्हणे, "गाडी पुरी आली." माझ्या पोटात कुणाचं घर आहे, हे त्यांना काय ठाऊक!

औरंगाबादेला गार्ड बदललेला होता, पण ज्योत जपायचा निरोप त्याला पोचला होता. सामान तसंच टाकून पद्मावतीबाई गाडीच्या टोकाशी धावल्या. "आहे गं, कुसुम, आहे!" त्यांनी माझ्यावरून वात लावून घेतली. झोळीतलं बाळ कुसुमच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

आता डबे पोलादी आहेत, माझ्या जागी विजेचा दिवा लुकलुकतो. मला वाईट वाटत नाही. बाळं सुखरूप पोचतात ना, झालं. पण मित्रांनो, पोलादी डब्यातही पेटतं काही नेऊ नका. आणि गाडी जाताना पाहाल तेव्हा शेवटच्या डब्यापर्यंत थांबा. मागचा दिवा दिसला की मगच घरी जा. सगळे आलेत, असं तो सांगत असतो.