वीस जणांचं जेवण

मार्गिटने बटाट्यांचं पातेलं टेबलावर आदळलं आणि ती पुन्हा खिडकीपाशी गेली. रानात एकच हार्वेस्टर फिरत होता, आणि तोही शेजारच्या डेल्मर हाउगेनचा. वीस जणांचं काम ते एकटं धूड उरकत होतं, याचाही तिला संताप आला.

तिचा नवरा लायल रेजायना शहरातल्या इस्पितळात पडून होता, गहू रानात उभा होता आणि बर्फ कधीही पडेल असं रेडिओ सांगत होता. या मुलखात अशा वेळी कुणाला बोलवावं लागत नाही. शेजारी आपापली यंत्रं घेऊन येतात, घरधनीण सगळ्यांना जेवू घालते. मदतीला नाही म्हणायचं नसतं. म्हणून तिने सवयीने वीस जणांचा स्वयंपाक केला होता. पण यायला उरलं होतं कोण? ओल्सनांची जमीन डेल्मरने घेतली, ब्रेकेंची घेतली, घरं बुलडोझरने पाडली, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडंसुद्धा उपटून तिथे नांगर फिरवला. मुलं नाहीत म्हणून शाळा गेली, शाळेमागून टपालघर. गावाला लागलेली वाळवी म्हणजे हा डेल्मर, असं मार्गिट त्याच्या तोंडावर म्हणायची. आणि आज त्याच्याच उपकारावर तिचा गहू कोठारात जाणार होता.

काम संपवून, हात धुऊन डेल्मर आत आला. रिकाम्या खुर्च्या बघून तो दारातच थबकला.

“बाकीचे कुठायत, काकू?”

“तूच सांग. त्यांची घरं तूच पाडलीस ना? मार हाक!”

“रिकामीच होती की ती.”

“रिकामं घर परत भरतं. पाडलेलं नाही भरत, मेल्या.”

तो गुमान बसला. तिने त्याच्या ताटात कोंबडी वाढली, बटाटे वाढले, नको म्हणत असताना आणखी वाढले.

“आता बोलून टाक. म्हातारा आजारी, म्हातारी एकटी. आमची जमीन हवीय ना? जीव गेला तरी द्यायची नाही मी!”

“नकोय, काकू.” डेल्मर ताटातच बघत होता. “मीच विकलंय सगळं. टोरोंटोच्या एका कंपनीला. पोरं परत यायला तयार नाहीत, आणि बायकोला इथे करमत नाही. नाताळाआधी निघतोय आम्ही. म्हटलं, जाताजाता तुमचं पीक काढून द्यावं.”

मार्गिटच्या हातातली पळी तशीच राहिली.

“मग तुझ्या घरात कोण राहणार?”

“कुणी नाही. पेरायला माणसं पाठवतील, कापायला पाठवतील.”

“म्हणजे सगळ्यांना घालवलंस, आणि आता तूही चाललास?” तिचा आवाज चिरकला. “काही लाज? मग मी भांडायचं कुणाशी?”

डेल्मर मान खाली घालून जेवत राहिला. ताट रिकामं होत आलं, तसं तिने ते ओढून घेतलं, पुन्हा गच्च भरलं आणि त्याच्यापुढे आपटलं.

“खा. सगळं संपल्याशिवाय उठायचं नाही.”