मोकळं म्हणायची वेळ

आर्लीन कॉडिल गेली दोन वर्षं खोटं बोलत होती. तेही दर शनिवारी, सातआठशे प्रेक्षकांच्या डोक्यावर उभी राहून, एकट्या नवऱ्याच्या कानात.

लॉरेल फोर्कच्या ट्रॅकवर ती स्पॉटर होती. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरला असा आवळून बांधतात की मान वळत नाही. समोरच्या काचेतून दिसेल तेवढंच त्याचं जग. दाराशी कोण लागलंय ते त्याला दिसत नाही. म्हणून गॅलरीच्या वर पत्र्याचं एक मचाण आहे. त्यावर प्रत्येक गाडीचं एक माणूस रेडिओ घेऊन उभं असतं आणि आपल्या ड्रायव्हरला सांगत राहतं: आत एक आहे, दाराशी आहे, मागच्या चाकाशी आहे, मोकळं. ‘मोकळं’ ऐकलं की ड्रायव्हरने मागे पडलेल्या गाडीच्या पुढे आत वळायचं. शब्द लवकर आला तर पत्र्याला पत्रा लागतो, उशिरा आला तर जागा हातची जाते. एकतीस वर्षं आर्लीन हे रॉयसला सांगत आली होती. नवऱ्याला तासाला नव्वद मैलांच्या वेगात सूचना द्याव्यात आणि त्याने त्या मुकाट्याने पाळाव्यात, हे भाग्य चर्चमधल्या दुसऱ्या कुठल्याच बाईच्या वाट्याला आलेलं नव्हतं. तसं त्या तिला बोलूनही दाखवत.

तिचं खोटं एवढंच की ‘मोकळं’ हा शब्द ती अर्धा श्वास आधी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, तिला पहिल्यांदा ते दिसलं. तिने शब्द टाकला आणि गाडी क्षणभर सरळच गेली. मग वळली. पूर्वी तिचा शब्द आणि त्याचं चाक एकाच वेळी हलायचं. रॉयस तेव्हा एकोणसत्तरचा होता. तिने कुणालाच काही सांगितलं नाही, त्यालाही नाही. नुसता शब्द जरा आधी टाकायला लागली, आणि पुढच्या वर्षी अजून जरा आधी. गाडी पुन्हा वेळेवर वळायला लागली. गेल्या हंगामात रॉयसने दोन शर्यती जिंकल्या आणि काउंटीच्या पेपरात त्याचा हसरा फोटो आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मुठीत काय आहे ते आर्लीनला ठाऊक होतं. त्या अर्ध्या श्वासात मागच्याने वेग वाढवला तर?

म्हणून या मार्चमध्ये ट्रॅकचा मालक गार्लंड मेब याने फाटकावर कागद लावला, की सत्तरीपुढच्यांनी गाडी चालवू नये असा नियम करायचा विचार आहे, मतदान होईल, तेव्हा तिने देवाचे आभार मानले. नियमानेच रॉयसला थांबवलं तर बायकोला थांबवावं लागणार नव्हतं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी, दुपारच्या शर्यतीआधी, टायरच्या शेडमध्ये सगळे जमले. गार्लंड एका डबड्यावर चढला.

“चौदाच्या आतल्याला आपण गाडीत बसू देत नाही,” तो म्हणाला. “का? तर पोर कच्चं असतं. मग वरच्या टोकाला काहीच नको?”

“वरच्या टोकाला देव आहे की,” लोनी यंट म्हणाला. लोनी बहात्तरचा. शर्यतीच्या गाडीला दार उघडत नाही, खिडकीतून बाहेर यावं लागतं, आणि लोनीला खेचून काढायला दोन माणसं लागत. “तो बघून घेईल.”

“देव बघेल तोवर विमावाले बघतायत ना, लोनी.”

“मला विचाराल तर,” मॅकेना गोफोर्थ मध्येच म्हणाली. ती सोळा वर्षांची होती आणि कुणी न विचारताच बोलायची. “गेल्या वर्षी मला भिंतीत घातलं ते बावीस वर्षांच्या माणसानं. मिस्टर रॉयसनी मला कधी साधा धक्का लावला नाही.”

“तू त्याला गाठशील तेव्हा लावेल ना!” मागून कुणीतरी म्हणालं. पोरगी कानापर्यंत लाल झाली, सगळे हसले.

लोनी पुढे सरसावला. “वय कसलं बघताय? याच्याकडे बघा, रॉयसकडे! एकाहत्तर! गेल्या साली दोनदा धूळ चारली त्यानं तुम्हा सगळ्यांना. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी आधी याला हरवून दाखवावं, मग नियम करावेत.”

तीस डोकी रॉयसकडे वळली. त्याने हातातल्या सँडविचचा घास घेतला, सावकाश चावला. “बुद्धी आमच्या घरात आर्लीनकडे असते,” तो म्हणाला. “माझ्याकडे नुसता उजवा पाय.”

शेड हसून दणाणली, आणि त्या हशातच आर्लीनला कळलं की नियम मतदानात पडणार. रॉयसकडे बघून पडणार. आणि रॉयस जिंकत होता तो तिच्यामुळे. तिचंच खोटं आता तीस हात खाली ठेवणार होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

गार्लंडलाही वारा कळला होता. तो हसतच म्हणाला, “आर्लीन, एकतीस वर्षं तू याला वरून बघतेयस. तूच सांग बाई. आहे का तसाच?”

तिने काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून त्याने विचारलं होतं.

“नाही,” आर्लीन म्हणाली.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं.

“मी मोकळं म्हणते ते मोकळं व्हायच्या आधी म्हणते,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. “कारण तो ऐकल्यावर उशिरा वळतो. दोन वर्षं झाली. त्या दोन शर्यती आम्ही अशाच जिंकल्या.”

रॉयसचं चावणं थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तोंडातला घास गिळला, उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. लोनी मात्र तिच्याकडे असा बघत होता की त्याने तिच्या कानाखाली मारली असती तर बरं, असं तिला वाटलं. मतदान झालं, एका गाडीला एक मत. नियमाच्या बाजूने अठरा, विरुद्ध अकरा. रॉयसने हातच वर केला नाही. नियम पुढच्या शनिवारपासून लागू, आजच्या शर्यतीत ज्यांची नावं आहेत त्यांनी खुशाल उतरावं, असं गार्लंडने कुणाच्याही नजरेला नजर न देता सांगितलं.

गाडी वाहून आणायच्या ट्रेलरपाशी ती पोचली तेव्हा रॉयस गाडीची काच पुसत होता. काच लखलखीत होती.

“तीस माणसांत सांगितलंस,” तो म्हणाला. “घरी दोन खुर्च्या होत्या.”

“घरी सांगितलं असतं तर तू हसला असतास.”

“हसलो असतो.” त्याने फडकं गाडीच्या टपावर आपटलं. “आणि एवढं सांगितलंस तर मी उशिरा का वळतो तेही सांगायचंस.”

“का वळतोस?”

त्याने फडकं उचलून त्याची घडी घातली. तो बोलला तेव्हा त्याचा राग निघून गेला होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

“कारण तुझे डोळे गेलेत, आर्लीन.”

“माझे?”

“दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात. तू मोकळं म्हणालीस, मी वळलो आणि लोनी माझ्या दाराला होता. अख्खं दार आत गेलं. लोनीला आणि तुलाही मी म्हटलं, माझीच चूक. तेव्हापासून तू मोकळं म्हणालीस की मी मनात एक मोजतो, मग वळतो. गेल्या वर्षी तर एक, दोन मोजायला लागलो. तू आणखीच लवकर म्हणायला लागली होतीस.”

“अरे, पण मी एप्रिलपासून लवकर म्हणत होते! तू उशिरा वळत होतास म्हणून!”

“एप्रिलमध्ये मी मोजत नव्हतो. एप्रिलमध्ये मी उशिरा वळलो कधी?”

“वळलास. मी पाहिलं.”

“तू पाहिलंस,” तो म्हणाला.

आर्लीन ट्रेलरच्या कडेवर बसली. त्याच्या काळजीने ती शब्द पुढे ओढत गेली, आणि तिच्या काळजीने तो चाक मागे ठेवत गेला. एकमेकांना इतकं सांभाळलं की खरं काय ते दोघांनाही ठाऊक उरलं नव्हतं. एप्रिलमधला तो क्षण आता तिला नीट आठवेनाही. ऊन डोळ्यांवर होतं का? तिला भलताच भास झाला होता का? तसं असेल तर तिने धडधाकट माणसाला तीस जणांसमोर म्हातारा ठरवलं होतं, आणि त्याच्यापाठोपाठ लोनीलाही घरी बसवलं होतं.

“मला काढून दुसरं कुणी घ्यायचंस ना मग,” ती म्हणाली.

“एकतीस वर्षांनी? माझ्या कानात दुसरं कोण बोलणार?” त्याने हेल्मेट उचललं. “आज खरं म्हण. मोकळं होईल तेव्हाच मोकळं म्हण. मी मोजणार नाही. शब्द आला की वळेन.”

“आणि लागलं तर?”

“तर कळेल कुणाचं गेलंय.”

“माझं असलं तर मी गार्लंडकडे जाईन. सगळ्यांना बोलवायला लावीन आणि सांगेन.”

“आधी वर तर जा,” रॉयस म्हणाला.

मचाणावर तिच्यासाठी जागा झाली, नेहमीपेक्षा जास्तच झाली. शेजारी मॅकेनाचा बाप डेल उभा असायचा. दर शनिवारी तो उकडलेल्या शेंगांची पिशवी तिच्यापुढे धरायचा. आज त्याने पिशवी खिशातून काढलीच नाही.

पहिले वीस फेरे रॉयसच्या जवळपास कुणी आलं नाही. तो तिसरा होता, पुढे मॅकेना. एकविसाव्या फेऱ्यात त्याने बाहेरून तिच्या बरोबरीला गाडी आणली. मागच्या सरळ पट्ट्यावर दोघं चाकाला चाक लावून धावले, आणि मग रॉयसची निळी गाडी इंचाइंचाने पुढे निघाली.

“आत एक,” आर्लीन म्हणाली. “आत. दाराशी. अजून दाराशी. मागच्या चाकाशी.”

शब्द जिभेवर आला होता. दोन वर्षांच्या सवयीने आपणहून आला होता. तिने तो दातांखाली धरला. दोन गाड्यांच्या मध्ये डांबराची पट्टी दिसली, स्पष्ट, उन्हात चकाकणारी.

“मोकळं.”

गाडी सरळ गेली.

सरळच गेली. मग वळली. तोवर वळण आलं होतं आणि मॅकेनाने गाडीचं नाक पुन्हा त्या फटीत घातलं होतं. डेल आपल्या रेडिओत ओरडला, “ब्रेक! ब्रेक!” टायरचा पांढरा धूर उठला, पोरीची गाडी आडवी झाली, एक गिरकी घेऊन गवतात गेली आणि उभी राहिली. भिंत हातभर अंतरावर होती. पिवळा झेंडा पडला.

“ठीक आहे? ठीक आहे ना बेटा? बरं. बरं.” डेलने रेडिओ खाली केला आणि आर्लीनकडे पाहिलं.

पिवळ्या झेंड्याखाली गाड्या रांगेने हळूहळू फिरू लागल्या. आर्लीनने अंगठा बटणावर ठेवला. तिने डांबराची पट्टी पाहिली होती. डोळे शाबूत होते तिचे. पण आता तिला ते नको होतं. त्याने मोजलेलं असावं, एवढंच हवं होतं. दोन वर्षांची सवय, अशी एका दुपारी सुटते थोडीच?

“मोजलंस तू,” ती म्हणाली. “सवयीनं मोजलंस. हो ना?”

कानात नुसती खरखर. निळी गाडी तिच्या खालून गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

“रॉयस, मोजलंस ना रे?”

अर्धा फेरा गेला.

“नाही,” रॉयस म्हणाला.

तिने कठडा धरला.

“शब्द आला आणि मी वळलो, आर्लीन. मला वाटलं, लगेच वळलो.”

तीस माणसांसमोर ती खरं बोलली होती. ते खोटं निघावं असं तिला आत्ता जितकं वाटलं तितकं आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं. मोजलंस, तुला आठवत नाही एवढंच, असं म्हणावं का? तिने तोंड उघडलंही.

“पोरगी बरी आहे?” त्याने विचारलं.

“बरी आहे.”

“मग मी आत येतो. पिटमध्ये. आतल्या कडेला कुणी आहे?”

तिने पाहिलं. मागे पाहिलं, आतल्या कडेला पाहिलं. शर्यत पुन्हा सुरू व्हायला अजून एक फेरा होता आणि गाड्या ट्रॅकबाहेर काढायच्या पिटच्या वाटेवर कुणीच नव्हतं. तिने शब्द ना आधी टाकला ना मागे ठेवला.

“मोकळं,” ती म्हणाली.

गाडी माणूस चालेल एवढ्या वेगात होती. ती क्षणभर सरळच गेली, मग वळली.