दुसरा बदल

मिर्सिनीने बटण दाबलं आणि पडद्यावरचे एकशे चाळीस हिरवे ठिपके भराभर लाल झाले. एकेक ठिपका म्हणजे एकेका ग्रीक बेटावरच्या औषधाच्या दुकानातला संगणक. थेसालोनिकीत बसल्या जागी त्यांची देखभाल करता यावी म्हणून तिनेच तो प्रोग्रॅम लिहिला होता. आज सुरक्षेसाठी त्या संगणकांत शिरायची नको ती दारं बंद करायला गेली आणि जिथून आपण आत शिरतो तेच दार बंद करून बसली.

तिने आधी आस्तिपालिया बेटावरच्या दुकानदारीणबाईंना, किरा-आंथुलांना फोन लावला.

"दुकान चालू आहे ना हो?"

"चालू म्हणजे? ही रांग लागलीय इथे! फोन ठेव बये, काम करू दे."

म्हणजे लोकांना औषधं मिळत होती, तेवढं तरी बरं. पण उद्या एखादा संगणक बिघडला तर इथून हात पोचणार नव्हता. बेटाबेटावर स्वतः जाऊन दार उघडायचं, आणि वाऱ्यामुळे आज एकही जहाज सुटत नव्हतं. नोकरी गेल्यात जमा होती.

"पोरी, चेहरा का उतरलाय?" शेजारच्या टेबलावरचे कीर-स्टामातिस कॉफीतला बर्फ ढवळत होते. त्यांनी वाचून होकार दिल्याशिवाय प्रोग्रॅममधला कुणाचाच बदल पुढे जात नसे.

"सगळ्या बेटांवरचं आपलं दार बंद केलं मी."

"मग थांब की. दहा मिनिटं आपली हाक आली नाही, की संगणक आपणहून जुन्या मांडणीवर जातो."

"नाही जात हो!" ती रडकुंडीला आली. "ती सोय मीच काढली. भित्र्यांचं काम म्हटलं. शुक्रवारी दोन बदल दिले होते तुम्हाला, त्यातला पहिला हा आजचा, दुसरा तो."

"दुसरा?" त्यांचा चमचा थांबला.

तेवढ्यात पडद्यावर नाक्सोस बेट हिरवं झालं. मग लेरोस. मग पाच-सहा एकदम. मिर्सिनी श्वास रोखून बघत राहिली, शेवटचा ठिपका हिरवा होईपर्यंत.

"तुम्ही मुद्दाम अडवून धरलात? माझं चुकतंय हे कळलं होतं तुम्हाला?"

"छे गं! पहिला वाचला. दुसरा आज बघू, उद्या बघू करत राहूनच गेला."

कामं रखडवतात म्हणून ती दोन वर्षं याच माणसाच्या नावाने बोटं मोडत आली होती. आता तिला हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. इतकं मोकळं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"लाजवलंस बाई," कीर-स्टामातिसनी चष्मा चढवला. "आण, आत्ता वाचतो."

"खबरदार हात लावलात तर!"