आग्याचं पोट

वय झालं की माणसाला बढती देऊन कामावरून काढतात. नौदलाच्या सगळ्या दवाखान्यांचा मी प्रमुख. कित्येक वर्षांत हातात सुरी नाही, नुसतं पेन. बैठका, सह्या, पुन्हा बैठका. अगदी वीट आला होता.

त्यात एका सकाळी आग्या आमच्या दवाखान्यात येऊन पडला. हा इंजिनखोलीतला निवृत्त मिस्त्री. तोंड असं तिखट की सगळे आग्याच म्हणायचे. ऐन वादळात जहाजावर मी त्याचं अपेंडिक्स काढलं होतं. आता त्याच जुन्या व्रणाशी आतडं अडकलं होतं. लगेच कापलं नाही तर गेलाच.

"कापायचं तर साहेबांनीच," तो कण्हत म्हणाला. "ह्या कालच्या पोरांच्या हाती मी नाही पोट देणार."

"अरे बाबा, मी आता कारकून झालोय."

"मग सोडा मला घरी."

त्याची बायको रडकुंडीला आली. "भाऊजी, हो म्हणा हो. हा गाढव कुणाचं ऐकायचा नाही."

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं.

भूल दिली. मी सवयीनं पाय फाकवून, पोट टेबलाला टेकवून उभा राहिलो. जहाज डुलतं म्हणून आम्ही असंच रेलून उभे राहतो. तिथलं टेबल जमिनीला खिळलेलं असतं. हे होतं चाकांचं. खीळ लावलीय का, हे बघायचं मला सुचलंच नाही. माझ्या रेट्यानं टेबल आग्यासकट वीतभर सरकलं. सुरी अजून टेकवली नव्हती, नशीब त्याचं.

सिस्टरनं गुपचूप खीळ लावली.

"माझा हात थरथरतोय का?" मी विचारलं.

"नाही सर," समोरची तरुण सर्जन म्हणाली. भूल देणारा डॉक्टरही म्हणाला, "छे, नाही सर."

अहो, सुरीचं टोक हलताना मला स्वतःला दिसत होतं! माझ्या हुद्द्याला ही मंडळी इतकी टरकून होती की आग्या माझ्या हातून मेला असता तरी "वा सर" म्हणाली असती. असा संताप आला, त्यांचा आणि माझाही.

"घे," मी सुरी त्या पोरीच्या हातात दिली. "आणि मी चुकलो तर खेकस माझ्यावर."

मी पलीकडे जाऊन तिच्या हाताखाली उभा राहिलो, जखम ओढून धरत. पोरीचा हात सफाईदार होता. आतडं सुटलं.

संध्याकाळी आग्या शुद्धीवर आला. चेहरा पांढराफटक, तोंड मात्र सुरू. "बघ गं," तो बायकोला म्हणाला, "साहेबांचा हात आहे हा. तो काही म्हातारा होत नाही."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. दारात उभ्या पोरीनं मान हलवली, आता नको.

"हो रे," मी म्हणालो. "गप्प पड आता."

बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "तुझं श्रेय मी लाटलं."

"तो घरी जायच्या आधी सांगू त्याला." ती जरा घुटमळली. "सर, हात थरथरत होता. चांगलाच."

"हो," मी म्हणालो, आणि तिथल्याच बाकावर बसलो.