सातव्या झाडाच्या बिया

कलमाचं झाड हुबेहूब आईसारखं निघतं. बी पेरून वाढवलेलं कोणाच्या वळणावर जाईल, सांगता येत नाही. रोपवाटिकेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगत आलोय. माझी नात चार वर्षांची असताना तिलाही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि खाऊन संपवलेल्या सफरचंदाच्या सात बिया माझ्या तळहातावर ठेवल्या.

"लावून बघू," म्हणाली.

बिया गोळा करायच्या या खोडीमुळे आम्ही तिला खारूताई म्हणतो.

आता ती अकराची आहे आणि कुंपणालगत तिची सात झाडं उभी आहेत. एकाच फळाच्या पोटची सात भावंडं. पण एकाचं फळ लालभडक, दुसऱ्याचं लिंबाएवढं आणि पिवळं, तिसऱ्याचा गर गुलाबी, चौथं गोड पण पिठूळ. सातव्यानं यंदा पहिल्यांदाच फळ धरलं: हिरवं, खरखरीत सालीचं.

रोपवाटिका आता माझी लेक, म्हणजे खारूताईची आई, चालवते. कुंपणालगतची जागा तिला नव्या कलमांसाठी हवी होती. "तीन झाडं ठेवीन, चार काढीन," ती म्हणाली. "निवड बाबा करतील. मी केली तर ही माझ्याशी महिनाभर बोलायची नाही."

आमच्याकडे दरवर्षी एकाच दिवशी सगळ्या फळांची चव घेतात. त्या दिवशी आमचा जुना फळवाला येतो. त्याच्या जिभेला हाड नाही, पण चवीत ती चुकत नाही. सातव्या झाडाची फोड तोंडात टाकून त्यानं डोळे मिटले.

"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे," तो म्हणाला. "हे तर पाळण्यातूनच लाथा मारतंय."

मीही फोड थुंकून टाकली. तोडायच्या झाडांना मी लाल दोरी बांधतो. तीन दोऱ्या बांधून झाल्या आणि चौथी सातव्या झाडाला बांधली. खारूताई बघत होती. मग सातही झाडांचं एकेक फळ उचलून ती आत गेली.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. टेबलावर तिनं सातही फळं आडवी कापून ओळीनं मांडली होती. सहा फळांच्या बिया तपकिरी होत्या. सातव्याच्या पांढऱ्या.

"आजोबा, बी पांढरी म्हणजे काय?"

"फळ कच्चं."

"हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग पेपर लिहायच्या आधीच नापास का केलंत त्याला?"

फळवाला खो खो हसला. "घ्या. गुरूची विद्या गुरूला."

पन्नास वर्षं मी सगळ्या फळांची चव एकाच दिवशी घेत आलो, कारण फळवाल्याला तो दिवस सोयीचा. कलमांना ते चालून जात होतं. आमची कलमं एकाच वाणाची, सगळी एकदम पिकायची. पण या सातांची पिकायची वेळही ज्याची त्याची असणार, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. वाईट वाटलं. पण त्याहून जास्त माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

"पानगळीपर्यंत थांबते," लेक म्हणाली. "नंतर पुन्हा काही मागायचं नाही."

"मी नाही मागणार," खारूताई म्हणाली. "तू मागशील."

पानं झडली तेव्हा सातव्याच्या बिया तपकिरी झाल्या होत्या, पण फळ अजून आंबटच. खारूताईनं ती सगळी फळं तोडून खोक्यात भरली आणि थंड खोलीत बाकीच्या सहांच्या खोक्यांशेजारी ठेवली. दोन महिन्यांनी, झाडं तोडायच्या आदल्या दिवशी, आम्ही तिघं आत गेलो. सहा खोक्यांतली फळं सुरकुतली होती, काही आतून काळी पडली होती. सातव्या खोक्याचं झाकण उघडलं आणि खोलीभर वास पसरला. फळं पिवळी, टणक, एकही डाग नाही.

लेकीनं उभ्याउभ्याच एक फळ देठापर्यंत खाल्लं. मग तिचा हात पुन्हा खोक्याकडे गेला.

"मागतेय," खारूताई मला म्हणाली.

लेकीनं हसू दाबलं आणि छाटणीची कात्री माझ्या हातात दिली. "बाबा, त्या झाडाच्या काड्या काढा, कलमं बांधू. आणि ती दोरी तुम्हीच सोडा."

गाठ माझीच, पक्की. थंडीत माझ्या बोटांना काही ती सुटेना. शेवटी खारूताईनं सोडवली.

"ही गाठ पण तुम्हीच शिकवलीत," ती म्हणाली.