राखी कोटाच्या आतली पुतळी

मी एक जुनी पुतळी आहे. चौकात जी उभी असते आणि जिच्या डोक्यावर कबुतरं बसतात, तसली नव्हे. मला डोकंच नाही. हातही नाहीत. मानेपासून कमरेपर्यंतचं एक धड आणि खाली तीन पायांचा लाकडी दांडा, एवढीच मी. शिवलेला कपडा माझ्या अंगावर चढवतात आणि कुठे ओढतोय, कुठे झोळ पडतोय ते बघतात. आता डोकं नसताना ही बोलते कशी, असं विचारू नका. डोकं असलेले काय काय बोलतात ते मी आयुष्यभर ऐकलं आहे. त्यांच्यापेक्षा वाईट नाही बोलणार.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. कागदाचा लगदा साच्यात दाबला, उन्हात वाळवला, वर जाड कापड ताणून बसवलं आणि मी तयार झाले. बारीक कंबर, उतरते खांदे, भरलेली छाती. मी बाईचं धड आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे यावरून मोठा तमाशा व्हायचा आहे.

पहिली काही वर्षं मी एका कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभी होते. माझ्या अंगावर रेशमी झगे असायचे. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यावरच्या मुली थांबायच्या, काचेवर त्यांचे चेहरे उमटायचे, आणि एखादीचा चेहरा नेमका माझ्या मानेवर येऊन बसायचा. तेवढ्यापुरतं मला डोकं मिळायचं. मग ती मुलगी पुढे जायची आणि मी पुन्हा बिनडोक. पण ते सुख होतं हो. रोज नवा चेहरा.

पुढे दुकान बंद झालं आणि मी माळ्यावर गेले. धुळीत किती काळ गेला, ठाऊक नाही. एक दिवस एका बाईने माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे. ही मला द्या."

त्या आमच्या ताई. एका सिनेमा कंपनीचे कपडे शिवायच्या. तेव्हा कंपनी एका हेराचा सिनेमा काढत होती. हेर राखी रंगाचा लांब कोट घालणार होता. शूटिंग तोंडावर आलेलं आणि पुरुषाचं धड कुठे मिळेना. ताई म्हणाल्या, "नसू दे. बाईचं असलं की पुरुष करता येतो. उलटं जमत नाही." आणि त्यांनी मला कापूस बांधायला घेतला.

पहिला नट दिसायला देखणा, पण खांद्याने अरुंद. त्यातही डावा खांदा पडलेला. ताईंनी डाव्या खांद्यावर जास्त कापूस ठेवला, उजव्यावर कमी, वर कापड शिवलं, आणि त्या मापावर कोट बेतला. कोटाच्या आतही तोच हिशेब. पडद्यावर तो नट कोट घालून वळला आणि सगळं शहर म्हणालं, "काय खांदे आहेत!" ताई शिवणघरात बसून हसल्या. मी हसले नाही, तोंडच नाही. पण आतून फुलले.

आमच्या शिवणघराच्या बाजूलाच ताईंच्या भावाचं केस कापायचं दुकान होतं. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. भाऊ पन्नाशीचा, डोक्यावर एक केस नाही, पण ताई त्याला अजून सोन्या म्हणतात, म्हणून मीही सोन्याच म्हणते. सोन्या राखी कोटाचा एवढा वेडा की शहरातलं सगळ्यात मोठं चाहता मंडळ त्याने काढलं. त्याच्या दुकानात भिंतभर हेराचे फोटो. गिऱ्हाईक कुणीही येवो, बाहेर पडताना त्याचा भांग डावीकडून, हेरासारखा. लहान पोरगा असो की आजोबा. आणि नवा सिनेमा लागला की आधी तो शिवणघरात येऊन मला सलाम ठोकायचा. "खरा हेर हा!" म्हणायचा. ताई दोरा दातांनी तोडायच्या.

मित्रांनो, नट म्हातारा होतो. हेर होत नाही. म्हणून दुसरा नट आला. तेव्हा फळ्यांपलीकडून केवढा गहजब झाला! "गालाला खळी पडते त्याच्या! हेराला खळी असते का?" मग सिनेमा लागला आणि सोन्या आरशात बघून गालात बोट खुपसायला लागला. तिसरा आला, घाऱ्या डोळ्यांचा. पुन्हा तेच. "मांजर आणलंय!" वर्षभरात त्याचेही फोटो भिंतीवर. दर वेळी ताई माझ्यावर नवा थर चढवायच्या. दुसऱ्याचं पोट सुटलेलं होतं, ते आलं. तिसरा उंच आणि आडव्या अंगाचा, त्याची छाती आली. खालचा थर कुणी काढला नाही. मी जाडजूड झाले.

दुपारी उत्तरेच्या खिडकीतून मऊ उजेड यायचा, शिलाई मशीन थांबलेलं असायचं आणि मला झोप लागायची. स्वप्नात मी राखी कोट घालून गच्च्यांवरून धावायचे. पाय नव्हते, तरी धावायचे. खाली रस्ते, दिवे, पाणी. मागे कोण लागलंय माहीत नाही, पुढे कोणाला वाचवायचंय माहीत नाही, फक्त कोट वाऱ्याने फुगलेला. आणि मानेवर चेहरा येऊन बसायचा. कधी खळीचा, कधी घाऱ्या डोळ्यांचा, कधी त्या दुकानाच्या काचेतल्या मुलीचा. मला सगळेच बसायचे.

मग चौथ्याची बातमी आली.

हा मुलगा समुद्रापलीकडून आलेल्या लोकांच्या वस्तीतला. रंगाने काळाभोर, अंगाने सडपातळ, केस असे दाट कुरळे की कंगवा आत गेला तर परत यायचा नाही. झालं. सोन्याच्या दुकानात रोज युद्ध.

"हेर म्हणजे हेरासारखा दिसायला नको?" सोन्या ओरडायचा.

समोर बहुधा निवृत्त मास्तर असायचे, गळ्याभोवती चादर, गालाला साबण. ते म्हणायचे, "अहो, हेर ओळखू न येणारा हवा. मग चेहरा कुठलाही असला तर बिघडलं कुठे?"

"मास्तर, मान हलवू नका. वस्तरा लागेल."

मास्तर गप्प. तिथे वाद असेच मिटायचे, वस्तरा ज्याच्या हातात त्याच्या बाजूने.

एक बसचालक होता, तो म्हणाला, "माझी मुलगी भलतीच खूश आहे. म्हणते, बाबा, तो आमच्या वर्गातल्या मुलांसारखा दिसतो."

"मग त्यांनी आपला वेगळा हेर काढावा की! आमचाच कशाला हवा?"

"तुमचा म्हणजे? तिकीट मीपण काढतो."

"सोन्या!" ताई फळीवर कात्री आपटायच्या. "आवाज खाली! बिनकामाचे रिकामे पुरुष!"

तो मुलगा माप द्यायला आला ती दुपार मला आठवते. दारात उभा राहिला, पायपुसण्यावर दोनदा पाय पुसले. ताई म्हणाल्या, "हात वर कर." त्याने दोन्ही हात झटकन सरळ डोक्यावर नेले आणि तोंड भिंतीकडे केलं.

"अरे, माप घेतेय. झडती नाही."

"सवय आहे, ताई," तो हसून म्हणाला.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचे हात हळूच खाली आणले आणि टेप छातीभोवती फिरवली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "माप घेऊन ठेवा, पण कापड कापू नका. कंपनीने रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. चाहत्यांची सभा आहे. मंडळ विरोधात गेलं तर दुसरा चेहरा बघणार आहेत."

"तुला काय वाटतं?"

त्याने टेबलावरच्या राखी कापडाला बोटाने नुसता स्पर्श केला. "लहानपणी आईचा राखी स्वेटर घालून मी गच्चीवर जायचो. म्हणायचो, मी हेर. पोरं म्हणायची, तू चोर हो, हेर दुसरा कोणीतरी होईल. रोज चोर झालो. पळायला मात्र चांगला शिकलो."

तो गेल्यावर ताई बराच वेळ त्या न कापलेल्या कापडावर हात फिरवत बसल्या. मग त्यांनी त्याला निरोप धाडला की रविवारी सकाळी परत ये. कशाला, ते मलाही सांगितलं नाही.

इकडे सोन्याने काय करावं? ताई जेवायला घरी गेल्या तेव्हा तो टेप घेऊन आत शिरला आणि माझंच माप घेतलं. खांदे, छाती, कंबर. मला गुदगुल्या झाल्या. मग दुकानाबाहेर मोठी पाटी रंगवून लावली: 'खऱ्या हेराचं माप'. खाली आकडे. ह्या मापात बसेल तोच हेर! गंमत बघा, मित्रांनो. खांदे पहिल्याचे, पोट दुसऱ्याचं, छाती तिसऱ्याची, आणि त्यातलं निम्मं कापसाचं. असा माणूस आईच्या पोटी कधी जन्मला नव्हता. रस्त्याने जाणारे येणारे पोट आत ओढून आपापली मापं ताडून बघायला लागले. एकही बसेना.

रविवारी सकाळी सोन्या घड्याळाच्या दुकानातलं काचेचं जुनं कपाट हातगाडीवर घालून आला. "ताई, पुतळी दे. सभेत हिला पहिला कोट घालून काचेत उभी करतो. लोकांना दाखवतो, खरा हेर कसा असतो ते. मग तिथून ती मंडळातच राहील, कायमची."

काचेमागे मी राहिले होते, पण तेव्हा रोज नवा झगा होता. आता एकच कोट, एकच माप, आणि कुलूप.

"ने की," ताई म्हणाल्या. "पण आतला कापूस कुबट झालाय. भर सभेत शिंकतील लोक. थांब, उसवून देते."

त्याच वेळी तो मुलगा दारात आला. सोन्याने त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ताई ब्लेडने माझी शिवण उसवू लागल्या. टच, टच, टच. पहिला थर निघाला.

"ही तिसऱ्याची छाती. धर."

सोन्याने धरली. 

"हे दुसऱ्याचं पोट."

"पोट? त्याला पोट होतं?"

"घागरीएवढं. कोट सैल बेतून झाकलं मी." ताईंनी पुढचा धागा ओढला. "आणि हा तुझ्या पहिल्याचा डावा खांदा."

तो कापूस चांगला उशीएवढा होता. सोन्या त्याच्याकडे बघतच राहिला. "खोटं बोलतेस. त्याचे खांदे... अगं, त्या खांद्यांवर मी जीव टाकला!"

"ते खांदे मी शिवले रे, सोन्या."

शेवटचं कापड गळून पडलं. किती वर्षांनी माझ्या अंगाला हवा लागली! खिडकीतून ऊन आत आलं होतं, कापसाचे तंतू त्यात तरंगत होते, आणि सगळं शिवणघर ढगात असल्यासारखं झालं. त्या ढगात मी उभी, बारीक कमरेची, उतरत्या खांद्यांची.

"ही... ही तर बाई आहे!" सोन्याचा आवाज फाटला.

"मग? तुला काय वाटलं, आत नट बसवलाय?"

"मी हिला सलाम ठोकत होतो!"

"ठोकत होतास. तिने कधी नको म्हटलं नाही."

तो मुलगा फिसकन हसला आणि लगेच हसू दाबलं. सोन्याने रागाने त्याच्याकडे पाहिलं. तंतू उडून त्या मुलाच्या केसांत अडकले होते. सोन्याच्या हातातला खांदा हळूहळू खाली आला. मग काय झालं कोण जाणे. हाताची सवय असेल. तो पुढे गेला आणि त्या केसांतला कापूस वेचायला लागला. वेचता वेचता थांबला.

"हे कापतं कोण?"

"आई."

"तरीच. मागून एक बाजू खाली आहे." सोन्याने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "सभेला असाच जाणार होतास? चल. बस."

ताईंचंच स्टूल त्याने पुढे ओढलं, खिशातून कात्री काढली. शिवणघरात पहिल्यांदाच कापडाऐवजी केसांवर कात्री चालली. सोन्याने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, कंगवा डावीकडे नेला, आणि कंगवा अडला. पुन्हा नेला, पुन्हा अडला.

"भांग पडणार नाही यात."

"नाही पडत," तो मुलगा हळूच म्हणाला.

आयुष्यभर त्याने एकच भांग पाडला होता. मग त्याने कंगवा खिशात ठेवला.

"मग नको पाडायला," तो म्हणाला. "मान सरळ."

सभेला मला नेलंच नाही. काचेचं कपाट दारातच राहिलं. तिथे काय झालं ते दुसऱ्या दिवशी फळ्यांपलीकडून मास्तरांकडून कळलं. सोन्याने पहिल्याचा डावा खांदा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा बघा आपला हेर. याच्यासाठी भांडायचं असेल तर भांडा. मी नाही." काही लोक उठून गेले. मंडळाचे दोन तुकडे झाले, ते अजून एकमेकांवर गुरगुरतात. मास्तर मात्र आता मान हलवून बोलतात. कंपनीने मुलाला ठेवलं. निरोप आला तेव्हा ताईंनी राखी कापड पसरलं आणि कात्री चालवली. तो आवाज मी अजून विसरले नाही.

त्याचेही खांदे अरुंदच निघाले. ताईंनी तोच जुना कापूस उन्हात वाळवला, पिंजला आणि नव्या कोटाच्या खांद्यात भरला. कुणाला कळलं नाही. आता माझ्या अंगावर त्याच्या मापाचा पातळसा थर आहे, आणि दुपारच्या स्वप्नात गच्चीवरून धावताना मानेवर कुरळे केस येतात. फार हलकं वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पण जपणं म्हणजे काचेत कोंडणं नव्हे. माझी धूळ झटका, मला उन्हाला ठेवा, उसवा, पुन्हा शिवा. आणि उद्या गच्चीवर खेळताना तुमच्यातला कुणी म्हणाला की आज मी हेर होतो, तर त्याला चोर करू नका. आधी कोट द्या. मोठा होत असेल, तर बाह्या दुमडून द्या.