बिळापाशी तीन तास

अभयारण्याच्या दुहेरी दारातच हेनारे अडून बसला.

"खिसे पण रिकामे करून दाखवा," दारावरची ग्लेनिस म्हणाली. "उंदीर आत गेला तर पक्ष्यांची अंडी शिल्लक राहत नाहीत."

"माझ्या खिशात उंदीर राहत नाही, बाई. तुमचे पहिले तुआतारा मीच आणलेत, बेटावरून, मांडीवर घेऊन."

"हो का? छान. डावा खिसा राहिला."

मागे रांग खोळंबली होती. मेरेआनाने बापाचा खिसा स्वतःच उलटा केला. दोन आठवड्यांवर त्याच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याआधी त्याला तुआतारा बघायचाच होता. त्यासाठी तिने आपल्या इस्पितळातल्या मैत्रिणीशी ड्युटी बदलून घेतली होती. खरं तर तिलाही तो प्राणी एकदा बघायचा होता. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या नाचगाण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा पुढच्या रांगेत उभी राहिली, तेव्हा बाप तिथे नव्हता. तो बोटीत बसून या काटेरी पाठीच्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना शहरात पोचवत होता.

दक्षिण ध्रुवाकडचा गार वारा नुसता झोंबत होता. उताराच्या कुंपणाआड बीळ होतं, समोर बाकडं. दोघं बसली. तासभर काहीच नाही. शाळेची पोरं ओरडत आली, ओरडत गेली. 'काका' जातीच्या एका रानपोपटाने मेरेआनाच्या पिशवीची चेन उघडून बिस्किटं लांबवली.

"हलू नकोस," हेनारे म्हणाला.

"मी हललेली नाही."

"तुझं जाकीट वाजतंय."

"काढू का मग? गारठून मरते."

तिसऱ्या तासाला त्याचा खुबा धरला. त्याला उठता येईना. अभयारण्याची बॅटरीवरची गाडी आणायला ती चरफडत खाली गेली, आणि ग्लेनिसच्या शेजारी बसून परत आली, तेव्हा बापाचा चेहरा उजळला होता.

"आला होता," तो म्हणाला. "तू वळण घेतलंस आणि हा बाहेर. माझ्याकडे बघत बसला होता, चांगली दहा मिनिटं."

"मग हाक नाही मारायची?"

"हाक मारली असती तर पळाला असता."

तिचा तोल सुटला. "तेव्हाही तू ह्यांच्याचपाशी होतास. मी स्टेजवरून अख्खा वेळ दाराकडे बघत होते."

"कधी?"

तिने सांगितलं. त्याने कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं.

"मला नाही आठवत, पोरी."

ग्लेनिस गाडीचे आरसे पुसू लागली. बापाने खोटं बोलून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं, असं मेरेआनाला वाटलं. तिने त्याला धरून गाडीत बसवलं.

"तुम्ही जा. मी थांबते."

ती एकटी बसून राहिली. जाकीट वाजू नये म्हणून हात मांडीखाली घेतले. ऊन दोनदा बिळाच्या तोंडाशी येऊन गेलं. बोटं बधिर झाली. बंद व्हायची घंटा वाजली तेव्हा बीळ होतं तसंच होतं.

हेनारे बाहेर तिच्या मोटारीत बसून मटण भरलेला पफ खात होता. अर्धा तिच्यासाठी ठेवला होता, थंडगार.

"आला?"

"नाही."

तिने मोटार रस्त्याला लावली. मग त्याने विचारलं, "कुठलं गाणं होतं तुमचं?"

"आता काय करायचंय?"

"तेव्हाचं राहिलं ना ऐकायचं."

तिने गाणं सांगितलं, तेही तुटकपणे. त्याने दोन ओळी म्हणून पाहिल्या. शब्द चुकले. तिने ते दुरुस्त केले, पण राग काही गेला नव्हता. ऑपरेशन होईपर्यंत पुन्हा इथे यायला रजा मिळणार नाही, हेही तिने त्याच सुरात सांगून टाकलं.